मशीन म्हणतं, घड्याळ तपासा

माझ्या प्रिय महलेत,

अक्षर वाईट आलंय, चालवून घे. मिमी मांडीवर आहे आणि कागद लॅपटॉपच्या पाठीवर ठेवलाय. एक हात तिच्या छातीवर, एकाच हाताने लिहितेय, म्हणून ओळी उतरणीला लागल्यासारख्या जातायत. फोन का नाही केलास, असं तू विचारशील. फोन माझ्या सासूच्या गळ्यात आहे, दोरीने बांधलेला. फोनमुळे बाळंतिणीच्या कानात वारं शिरतं असं तिचं म्हणणं. मागितला तर देते, नाही असं नाही, पण मग समोर स्टूल टाकून बसते आणि मी काय बोलते ते ऐकते. मागे तू विचारलंस ना, "अस्कल, तू ठीक आहेस ना खरंच?" आणि मी म्हणाले, "हो, गेन्फोची लापशी खाते, भरपूर लोणी घालून." तेव्हा ती समोरच बसली होती. गेन्फो खरंच चांगलं करते ती. तिच्याबद्दल मी वाईट लिहायला बसलेली नाही.

तू एकटीनेच खरं मानलंस ते पुन्हा लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला पुढचं सांगता येणार नाही. मिमी झोपेत श्वास घ्यायची थांबते. दिवसाढवळ्या, माझ्या डोळ्यांसमोर. छाती वर येते, खाली जाते, वर येते, खाली जाते, आणि मग खालीच राहते. ओठ निळसर होतात. मी तळपायाला टिचकी मारते, मग ती दचकते, रडते, आणि मी तिच्याबरोबर रडते. ती महिनाभर आधी आली म्हणून हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती, तिथे पायाला तार लावलेली असायची आणि काही झालं की मशीन कोकलायचं. वजन वाढलं तसं घरी सोडलं. डॉक्टरीणबाई बजावून म्हणाल्या होत्या, असं पुन्हा काही दिसलं तर थांबू नका, राजधानीत, अदिसला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन जा. घरी आल्यावर कोकलणारं काही नाही. फक्त मी. आणि माणूस किती जागं राहील गं?

सासूला सांगितलं. ती म्हणाली, "लेकरं गाढ झोपतात. माझी पाच झोपली तशी." बेलेतेला फोनवर सांगितलं, तो तेव्हा जिबूतीच्या रस्त्यावर होता, मागे त्याच्या ट्रकचा आवाज. तो म्हणाला, "आईने पाच वाढवलीत, अस्कल. ती म्हणते तसं कर." नवरा म्हणून चांगला आहे तो, पण त्याच्यासाठी घर म्हणजे त्याच्या आईचा आवाज. आणि ऐंशी दिवस व्हायच्या आत उंबरा ओलांडायचा नाही हे तर ठरलेलंच. मुलगा झाला असता तर चाळिसात सुटले असते. मुलीचे ऐंशी. खिडकी बंद, कारण इथे देब्रे बिरहानची थंडी. दार बंद, कारण कुणाची नजर. चुलीचा धूर, ओले कपडे, आणि दाराशी सासूचं स्टूल. मोरीकडे जायचं तरी हातात लोखंडी सुरी धरून जायचं, बाहेरचं काही अंगाला चिकटू नये म्हणून. मी धरते. मला भीती वाटते म्हणूनच धरते. पण खरी भीती बाहेर नव्हती, ती आत गादीवर झोपली होती, दुपट्यात.

मग तूच ते पाठवलंस. पायाच्या अंगठ्याला लावायची ती चिमटी, हॉस्पिटलातल्या तारेसारखी, एक पेनड्राइव्ह आणि हा जुना लॅपटॉप, ड्रायव्हर वर्कुच्या बसमधून, जुन्या चादरीत गुंडाळून. सासूने विचारलं तेव्हा मी म्हणाले, महलेतने पाळणागाणी पाठवलीत. तू म्हणाली होतीस, या चिमटीबरोबर येतं ते सॉफ्टवेअर पैसे मागतं आणि इंटरनेट मागतं, पण जगभरच्या काही लोकांनी असंच एक फुकट लिहून ठेवलंय, कुणीही घ्यावं, कुणीही आतलं बघावं. फक्त ते तयार मिळत नाही, पीठ मिळतं, भाकर ज्याची त्याने भाजायची. मी म्हणाले, म्हणजे इंजेराचं पीठ. तू हसलीस. "हो, आणि अडचण अशी की कृती लिहिलीय विजेच्या तव्यासाठी, तुझ्याकडे आहे चुलीवरचा." हे मला कळलं, बाकी काही कळलं नाही. तू अदिसला काम करतेस त्या दुकानातल्या मशीनवर एक सिस्टिम, माझ्या मशीनवर दुसरी, ती पेंग्विनची, कारण हे म्हातारं मशीन पहिली ओढत नव्हतं. तुझ्याकडे ते एका बैठकीत झालं. माझ्याकडे इंटरनेट असतं तर तू तिथे बसूनच केलं असतंस. पण आमच्याकडे बोलण्यापुरता फोन लागतो, तोही लागला तर.

तू सांगायचीस आणि मी दाबायचे. "टिंब. आता तिरकी रेघ. उलटी नाही गं, दुसरी." इंग्रजी अक्षरं मला येतात, एकेक करून, जशी तांदळातले खडे वेचावेत तशी. मी मोठ्याने म्हणत दाबायचे. सासू कॉफी भाजता भाजता म्हणाली, "कुणाला मंत्र घालतेस? ताईत लिहिणाऱ्या देबतेराकडे शिकवणी लावलीस की काय?" मी म्हणाले, "एमामा, पाळणागाणं चालू करतेय." ती म्हणाली, "आमच्या वेळी पाळणागाणं तोंडात असायचं." खोटं नाही बोलली.

पहिल्यांदा मशीन म्हणालं परवानगी नाही. तू म्हणालीस पेनड्राइव्हवरून चालवू नको, आधी घरात उतरवून घे. उतरवून घेतलं. मग म्हणालं, अमुक एक तुकडा सापडत नाही. तुझ्या मशीनवर तो आधीपासूनच असतो, माझ्याकडे नाही. तो तुकडा तू दुसऱ्या पेनड्राइव्हवर वर्कुकडे दिलास, पावाच्या पिशवीत. तो तुकडा घातला तर म्हणालं, त्यालाही आणखी एक लागतो. पाहुण्याबरोबर पाहुणा. तरी मला बरं वाटत होतं, महलेत. दर वेळी वेगळं काहीतरी म्हणत होतं, म्हणजे पुढे सरकत होतं. आठवतं का, शाळेत असताना तू मास्तरांचा रेडिओ उघडलास आणि सगळे स्क्रू मला तोंडात धरायला लावलेस? मास्तर आले, मला हाक मारली, आणि मला तोंडच उघडता येईना. तू तशीच शांतपणे जोडत बसलीस. मी सहावीतून घरी बसले, धाकट्यांना सांभाळायला, तू पुढे गेलीस, पण फोनवर तू "थांब, घाबरू नको, पुढचं वाच" म्हणालीस की मला तोंडात तेच स्क्रू आहेत असं वाटायचं.

आणि मग ते आलं, घड्याळाचं. मी तुला अक्षर अक्षर वाचून दाखवलं आणि तू सांगितलंस त्याचा अर्थ: नवी बनवलेली फाईल आधीच्या फायलींपेक्षा जुनी आहे, घड्याळ तपासा. मी म्हणाले, नवी जुनीपेक्षा जुनी कशी? म्हणजे मिमी माझ्याआधी जन्मली? तू म्हणालीस, "तारीख बघ, तारीख बरोबर आहे ना?" हो गं, बरोबर. वीज गेली की हे मशीन सगळं विसरतं, आतली बारकी बॅटरी मेलेली आहे ना, आणि उठल्यावर पहिलं तारीख विचारतं. मी दर वेळी उठून भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरमध्ये बघून घालायचे. महिना, दिवस, साल. सासूलाही विचारलं, कारण तिला सणवार तोंडपाठ. ती म्हणाली, "आज गब्रिएलचा दिवस, एवढंही माहीत नाही?" सगळं जुळत होतं. तू म्हणालीस, मग पेनड्राइव्हवरची प्रतच बिघडलेली असेल, नवी पाठवते. नवी आली. तीच ओळ. पुसून पहिल्यापासून केलं. तीच ओळ. वीज गेली, आली, मी कॅलेंडर बघितलं, घातलं, चालवलं. तीच ओळ. आधी निदान दर वेळी नवं काहीतरी अडत होतं. आता एकाच भिंतीवर डोकं. मी तुला सांगितलं नाही, पण एकदा मी त्या पडद्याशी हात जोडले. म्हणाले, बघितलंय रे घड्याळ, किती वेळा बघू? आणि तेवढ्यात मिमी थांबली. मी पडद्याकडे बघत होते म्हणून मला उशिरा कळलं. टिचकी मारली, उठली नाही. दुसरी मारली, उठली नाही. मग उचलून हलवली तेव्हा रडली. त्या दिवशी मी मशीन बंद करून कपड्यांखाली ढकलून दिलं. तुझा फोन आला तर सासूला सांगितलं, झोपलेय म्हणून सांगा. तू रागावली असशील. मला वाटायला लागलं होतं की सासूचंच खरं, सगळं माझ्या डोक्यात आहे, झोप नसलेल्या बाईला काय काय दिसतं.

बुधवारी गाशे देमिसे आले, सासूचे भाऊ, बाळ बघायला. तुला आठवत असतील, लग्नात सगळ्यात मोठ्याने हसणारे, दुबईत रखवालदार होते ते. कॉफीची पहिली फेरी झाली, भाजलेले जव पुढ्यात, आणि ते सुरू झाले. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी हजेरीत आपलं साल घातलं म्हणे, आपल्या कॅलेंडरचं. मुकादमाने वाचलं आणि सगळ्या पहारेकऱ्यांना गोळा केलं. "म्हणाला, अरे देमिसे, तू लिहिलंयस त्या साली ही इमारतच नव्हती इथे! नुसती वाळू! तू राखण कशाची केलीस? उंटांची?" गाशे स्वतःच्या मांडीवर थापा मारत हसत होते. सासू म्हणाली, "आपलंच साल खरं. ते लोक सात-आठ वर्षं घाईत पुढे पळालेत, दमतील." गाशे म्हणाले, "दमत नाहीत गं बाई, पगार त्यांच्याच सालाने देतात."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. महलेत, ज्या लोकांनी ते लिहिलं ते त्या सालातले. तू ज्या मशीनवरून ते उतरवून घेतलंस त्याला साल नेटवरून कळतं, तेही त्यांचंच. आणि मी दर वेळी प्रामाणिकपणे उठून, भिंतीजवळ जाऊन, माझ्या मशीनला आपलं साल सांगत होते. आपलं सोळावं चालू, त्यांचं चोविसावं. मी जे काही बनवत होते ते मशीनच्या हिशेबाने त्यांच्या आठ वर्षं आधी बनत होतं. इमारत नव्हती तेव्हाची राखण. तुझ्याही लक्षात आलं नाही, कारण तू विचारलंस बरोबर आहे का, आणि ते बरोबरच होतं. आपल्यातलं कुणीही आलं असतं आणि भिंतीकडे बघून हो म्हणालं असतं.

गाशेंना विचारलं, आज त्यांच्याकडे कोणती तारीख? ते म्हणाले, "का, तूही निघालीस की काय दुबईला?" पण सांगितली. सासू कॉफीची जेबेना धुवायला मागे गेली तशी मी कपड्यांखालून मशीन काढलं, त्यांची तारीख घातली, आणि टिंब, तिरकी रेघ. ते चालू लागलं. ओळीमागून ओळ, ओळीमागून ओळ, थांबेचना. मला एकही कळत नव्हती आणि प्रत्येक ओळ गोड लागत होती. गाशे वाकून बघून म्हणाले, "एवढं काय लिहितंय ते?" मी म्हणाले, "पाळणागाणं." शेवटी चिमटी लावली आणि पडद्यावर मिमीचा आकडा आला. आणि एक रेष, वर, खाली, वर, खाली. तिचीच. माझे डोळे मिटले गं. बसल्या जागी, भिंतीला टेकून, मी झोपले. किती दिवसांनी ते विचारू नको.

तुला हे सगळं तेव्हाच फोन करून ओरडून सांगायचं होतं. पण मला जाग आली ती कोकलण्याने. पडद्यावर लाल, आकडा खाली खाली. टिचकी मारली, उठली, आकडा वर आला. मग संध्याकाळच्या आत आणखी वाजलं. आणि गुरुवारी सकाळी, दूध पिऊन झोपली तेव्हा, पुन्हा. आणि पुन्हा. मी धरून चालले होते की हे कधीतरी होतं. मी बघत नसायचे तेव्हाही होत होतं, एवढंच. माझ्या डोक्यात काही नव्हतं, महलेत. उलट मला कमीच दिसत होतं.

गुरुवारी चौथ्यांदा वाजलं तेव्हा सासू धावत आली. तिने निळे ओठ बघितले, स्वतःच्या डोळ्यांनी. मी म्हणाले, "एमामा, बघा. हेच मी सांगत होते." ती उभी राहिली, हात पिठाचे. मला वाटलं आता ती म्हणेल, चल. तिने वाकून मिमीच्या पायाची चिमटी काढली आणि कमरेच्या पट्ट्यात खोचली. म्हणाली, "हे यायच्या आधी ही अशी नव्हती. हेच तिला बोलावतंय." मी म्हणाले, ते फक्त सांगतंय. ती म्हणाली, "कुणी सांगायला लावलं त्याला?" आणि नंतर दारातून, माझ्याकडे न बघता, "ऐंशी होऊ देत. बाप्तिस्म्याचं पाणी पडू दे अंगावर, चर्चचं नाव पडू दे. मग सगळं शांत होतं." तिचा आवाज थरथरत होता. तीही घाबरलीय, हे मला तेव्हा कळलं. पण ती घाबरली की दार बंद करते.

बेलेतेला मी काल फोन मागून घेतला. सासू समोर होती, तरी बोलले. सगळं. तो म्हणाला, मी आठवड्याने पोचतो, तोवर दम धर. आठवडा म्हणजे किती श्वास होतात ते त्याला ठाऊक नाही. मी फोन परत केला.

आता का लिहितेय ते. ही चिठ्ठी वर्कु आज संध्याकाळच्या फेरीला घेऊन येईल आणि तुझ्या दुकानात देईल. उद्या शनिवारी मरियमचा दिवस आहे, सासू पहाटे चर्चला जाईल आणि पूजा संपेपर्यंत यायची नाही. वर्कु फाटकासमोर गाडी हळू करणार आहे, हॉर्न वाजवणार नाही, हे ठरलंय. मी मिमीला घेऊन निघणार आहे. परवानगी मागितलेली नाही, मागणारही नाही, आणि परत या घरात घेतील की नाही तेही मला माहीत नाही. मला अदिसमधलं मोठं हॉस्पिटल कुठे आहे ते माहीत नाही, आत काय म्हणायचं ते माहीत नाही, मी कधी एकटी बसमध्ये बसलेली नाही. मशीन बरोबर आणतेय, चादरीत. चिमटी नाही माझ्याकडे, पण कालची लाल रेष त्यात राहिलीय, ती डॉक्टरांना दाखव, मला नीट सांगता येणार नाही. रस्ताभर कोकलायला काही नसेल, मीच असेन, आणि पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास उरलेला नसेल. म्हणून तू अदिसच्या लांबेरेत स्टँडवर ये. उभी राहा, कामावरून काढलं तरी चालेल, पण ये. मी उतरले की माझ्या तोंडाकडे बघू नको, मिठीही मारू नको. आधी दुपटं बाजूला करून तिच्या छातीवर हात ठेव, आणि हाताला काय लागतंय ते मला सांग.

तुझीच, वाट बघायला लावणारी नव्हे, येणारी,
अस्कल